कस्तुरी: खोगीर उतरवून पुन्हा पहिल्यापासून

कस्तुरी ही कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची घोडी. वय ९ वर्षं, उंची १४ हात २ इंच (घोड्याच्या मापातला हात म्हणजे ४ इंच). माझ्याकडे आली ती 'बिघडलेली' असा शिक्का घेऊनच. तंग, म्हणजे खोगिराचा छातीखालून जाणारा पट्टा, आवळायला गेलं की चावते. चढायला गेलं की उभी राहत नाही. सोबतच्या घोड्यांपासून लांब नेलं की माघारी वळते आणि अडवलं तर मागच्या दोन पायांवर उभी राहते. अशाच एखाद्या घोड्याबरोबर ज्यांना काम करायचंय त्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी ठेवतेय. घोडा अंगावर येत असेल, टापा मारत असेल, तर मात्र एकट्याने हे करू नका. जाणकार माणूस शेजारी उभा असायलाच हवा. माझ्यासोबत तबेल्यातले काका आहेत. त्यांचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलंय.

४ ऑक्टोबर

आल्यापासून मोहरकीसुद्धा (घोड्याच्या तोंडावर बांधायचा दोर) घातलेली नाही. नुसतं बघतेय आणि वहीत टिपतेय.

शांत उभी असताना नाडी मिनिटाला ३८, श्वास १२. मोठ्या घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो, म्हणजे या बाबतीत काही वावगं नाही. नाडी खालच्या जबड्याच्या हाडावरून जाणाऱ्या रक्तवाहिनीवर बोटं टेकवून मोजली. कोपराच्या मागे हात नेला असता तर ती उडालीच असती.

आकड्यांतून काही कळलं नाही, वागण्यातून बरंच कळलं. खुराक समोर आला की तुटून पडते, पण चार घास खाल्ले की थांबते आणि मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघते. दाराची लाकडी कड कुरतडते. खरारा पाठीवरून खाली पोटाकडे सरकला की कातडी थरथरते आणि शेपटी झटकते. माशी वगैरे काही नसते तिथे.

आधीच्या ठिकाणी ती दिवसाचा बहुतेक वेळ एकटी बंद असायची. वैरण सकाळ-संध्याकाळ, मधे गव्हाण रिकामी. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरत असतं, खाणं चालू असो वा नसो. लाळ मात्र चावत असतानाच सुटते. तासन्‌तास काहीच चावायला नसेल तर ते आम्ल मारायला काही उरत नाही. म्हणून पहिला बदल गव्हाणीत केला. बारीक भोकांच्या जाळीत दिवसरात्र सुकं गवत आणि धान्य अगदी थोडं. दिवसभर ती मोकळ्या आवारात असते, सोबतीला एक म्हातारा, थंड डोक्याचा आख्ता (खच्ची केलेला) घोडा.

१० ऑक्टोबर

डॉक्टर येऊन गेले. तपासणीसाठी रात्रभर उपाशी ठेवावं लागलं. तिच्यासारखीला ते फार जड गेलं, पण पोट रिकामं असल्याशिवाय दुर्बिणीतून आतलं काही दिसत नाही.

पोटाच्या वरच्या भागात अल्सर आहेत. दातांच्या कडा इतक्या धारदार झाल्यात की दोन्ही गालांना आतून जखमा आहेत. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात, वर्षाला दोन-तीन मिलिमीटर, आणि चावताना झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड झिजायची राहते व सुरीसारखी होते. अशा तोंडात बिट, म्हणजे लगामाची धातूची दांडी, आणि बाहेरून आवळलेला नाकपट्टा! लगाम ओढला की तिचं डोकं वर का जायचं, याचं उत्तर तिथेच मिळालं.

तिसरी गोष्ट खोगिराची. मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो त्याच्या मागे दोन्ही बाजूंना पांढऱ्या केसांचे ठिपके आहेत. तिथे बराच काळ दाब पडला होता याची ती खूण. तिच्याबरोबर आलेलं खोगीर पाठीवर ठेवून खाली हात घातला, तर पुढच्या भागात बोटंसुद्धा सरकत नव्हती.

आधीच्या मालकांनी तिच्यावर स्वार असतानाचा एक व्हिडिओ दिला होता. स्यू डायसन या पशुवैद्य बाईंनी स्वार असताना दिसणाऱ्या २४ हालचालींची यादी केली आहे. कान सतत मागे, तोंड वारंवार उघडणं, शेपटी फटकारणं, डोकं तिरकं धरणं अशा गोष्टी त्या यादीत येतात. त्यांतल्या ८ किंवा जास्त दिसल्या तर घोड्याला हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची दाट शक्यता धरायची. त्या एका व्हिडिओत मला ११ दिसल्या. ज्याला सगळे खोडी म्हणत होते ते बहुतांशी दुखणं होतं.

दातांच्या धारदार कडा कानशीने घासून घेतल्या. ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या औषधाचा महिन्याभराचा कोर्स, सकाळी उपाशीपोटी, मग पुन्हा दुर्बीण. तोवर पाठीवर काहीही नाही.

ज्यांना हे काम करायचंय त्यांना माझी एकच विनवणी आहे. तोंड, पोट, पाठ आणि खूर तपासल्याशिवाय शिकवायला सुरुवात करू नका. दुखत असलेल्या घोड्याला शिकवणं म्हणजे त्याच्या तक्रारीचा आवाज बंद करणं. खर्च आणि वेळ या कामात सगळ्यात जास्त इथे जातो, आणि इथेच तो वाचवायचा मोह होतो.

१७ ऑक्टोबर

पकडण्याचं काम. मोकळ्या आवारात ती हातात मोहरकी बघितली की निघून जाते. पळत नाही, नुसती पाठ फिरवते आणि चालू पडते.

सरळ चालत गेले की जाते, हे पहिल्याच दिवशी कळलं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. नाकासमोर अगदी जवळचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग एवढंच दिसत नाही. म्हणून तिच्या खांद्याच्या रोखाने, थोडं वळण घेत जायचं. तिचा कान माझ्याकडे वळला, मान उचलली गेली की तिथेच थांबायचं. ती बघत राहिली आणि श्वास सोडला, की मी मागे फिरून दोन पावलं लांब जायचं. जवळ येऊन पकडण्याऐवजी माणूस लांब जातो, हे तिला नवीन होतं.

आज मी पाठ करून उभी होते तेव्हा कोपरावर गरम श्वास लागला. हात लावला नाही. थोडा वेळ उभी राहिले आणि आवारातून बाहेर पडले.

काका म्हणाले, "ताई, एवढा वेळ घालवलात अन् हातसुद्धा लावला नाहीत?" म्हटलं, काका, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी ती चार पावलं चालत माझ्याकडे आली. काकांनीही ते बघितलं.

२५ ऑक्टोबर

दोरीवरचं काम सुरू. १२ फुटांची जाड सुती दोरी आणि साधी मोहरकी. हातमोजे आणि हेल्मेट जमिनीवरही घालायचंच. दोरी हाताला कधीही गुंडाळायची नाही, घड्या करून धरायची. गुंडाळी असेल आणि घोडा उधळला तर बोटं जातात.

कस्तुरी माणसाच्या अंगावरून चालते. म्हणजे माणूस तिथे आहे याची दखलच घेत नाही. खांदा मारून पुढे निघते. म्हणून पहिला धडा मागे सरकण्याचा ठेवला.

सुरुवातीला दोरी हलवून मागे सारायला बघितलं. ती मागे गेली, पण डोकं वर, पाठ खोलगट, डोळे मोठे करून. मागे जायला शिकत नव्हती, दोरीपासून पळत होती. दोन-तीन दिवसांत दोरी नुसती उचलली तरी डोकं फेकायला लागली. ही पद्धत बंद केली.

मग दुसऱ्या रीतीने सुरू केलं. मोहरकीच्या गाठीजवळ दोन बोटांनी दोरी धरायची आणि मागच्या दिशेने अगदी थोडा, पण स्थिर दाब द्यायचा. झटका द्यायचा नाही, दाब वाढवायचा नाही. नुसतं थांबायचं. ती आधी दाबावर रेलली. मग डोकं डावीकडे नेऊन बघितलं, मग उजवीकडे. आणि मग पुढच्या पायांवरचं वजन किंचित मागे गेलं. पाऊल उचललं नव्हतं, छातीचा पुढचा भाग एखादा इंच मागे सरला इतकंच. त्या क्षणी बोटं उघडली.

या साऱ्या कामाची किल्ली तिथे आहे. दाबाने घोडा शिकत नाही. दाब कधी सुटला यावरून तो शिकतो. तो पाऊल टाकेपर्यंत थांबून, मग दोन सेकंदांनी दोरी सैल केली, तर त्या दोन सेकंदांत त्याने जे केलं असेल ते तो शिकतो. डोकं फेकलं असेल तर डोकं फेकणं. माझ्या सोडण्याला उशीर होतोय का हे तपासायला काकांना मोबाइलवर चित्रण करायला सांगितलं. होत होता. रोज रात्री ते बघणं हा आता कामाचाच भाग झालाय.

एका वेळी १०-१५ मिनिटं, त्याहून जास्त नाही. जमलं की सोडून द्यायचं.

३१ ऑक्टोबर

आज जे केलं त्याने आठवडा मागे गेलो.

गोल कुंपणात घोडा मोकळा सोडायचा, त्याला कडेकडेने पळवायचं, तो डोकं खाली घालून चघळायला लागला आणि आत वळला की पाठ करायची. मग तो आपला होऊन मागे येतो. ही पद्धत खूप प्रसिद्ध आहे आणि बघायला फार सुंदर दिसते. करून बघितली. कस्तुरी पळाली, घामाने भिजली, बाहेरच्या बाजूला तोंड करून कुंपणावरून उडी मारता येईल का ते बघू लागली. शेवटी जीभ फिरवत आत आली आणि माझ्या मागे चालली. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी आवारात गेले तर ती दुसऱ्या टोकाला. परत पाठ.

पळणं थांबवायला तिच्यापुढे एकच जागा मोकळी होती, माझ्याजवळची. म्हणून आली. तिने मला निवडलं असं त्यात काही नव्हतं. चघळणं, ओठ चाटणं याला 'शरण येणं' म्हणतात, तेही पटत नाही. भीतीचा ताण ओसरताना सुकलेल्या तोंडात पुन्हा लाळ सुटते आणि घोडा चघळतो. म्हणजे आधी ताण आला होता एवढंच त्यावरून कळतं.

पुढारीपणाबद्दल मला इथे स्पष्ट लिहायचंय, कारण घोड्यांच्या जगात या गोष्टीचा फार गोंधळ आहे. 'तू तिचा मालक आहेस हे तिला दाखव' असं मला प्रत्येक जण सांगतो. कळपात एखादी घोडी दुसरीला पाण्यावरून हुसकते हे खरं आहे. पण हुसकणाऱ्याच्या मागे कळप चालतो असं नाही. कळप कुठे जाणार हे वेगवेगळे घोडे वेगवेगळ्या वेळी ठरवतात, आणि ज्याच्यापासून जपून राहावं लागतं त्याच्यापासून बाकीचे अंतर ठेवतात. हुसकणारी होऊन मला कस्तुरीची सोबत मिळणार नव्हती. तिला माझ्याकडून हव्या त्या गोष्टी साध्या आहेत: रोज तीच खूण, त्या खुणेचा रोज तोच अर्थ, आणि मी जवळ असताना वाईट काही घडत नाही हा अनुभव.

आणि घोड्यापासून काही लपत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंगस्ट यांनी १९०७ मध्ये शोधून काढलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं किंचित हलतं, अंग सैल पडतं, आणि घोडा ते टिपून थांबतो. विचारणाऱ्याला स्वतःला याचा पत्ताही नसायचा. मी घाबरून दोरी आखडली तर कस्तुरीला ते माझ्याआधी कळतं. म्हणून आवारात शिरण्याआधी फाटकाशी थांबून खांदे सोडायचे, हे मी कामाच्या यादीत लिहून ठेवलंय.

गोल कुंपण बंद.

९ नोव्हेंबर

पकडण्याचं काम पुन्हा जाग्यावर आलं. मागे सरकणं दोन बोटांवर होतं. पुठ्ठा (अंगाचा मागचा भाग) बाजूला सारणंही जमतंय: कुशीकडे बघायचं, दोरीचं टोक त्या दिशेला उचलायचं, मागचा आतला पाय दुसऱ्यापुढून ओलांडला की सोडायचं. ती उधळायला निघाली किंवा मागच्या पायांवर उभी राहायच्या बेतात आली तर हीच हालचाल उपयोगी पडणार आहे, कारण मागचे पाय एकमेकांना ओलांडत असताना तिला त्यांवर सगळं वजन घेऊन उठता येत नाही.

नुसतं उभं राहणं सर्वांत अवघड गेलं. मी बाजूला उभी, दोरी सैल, काही करायचं नाही. ती दर क्षणी काहीतरी करायला बघते, खूर घासते, मला हुंगते, वळते. दरवेळी तिला न रागावता होती त्याच जागी आणायचं, आणि ती क्षणभर थांबली की मान खाजवायची. मानेच्या मुळाशी, उंचवट्याच्या अलीकडे, जिथे घोडे एकमेकांना खाजवतात, तिथे. वरचा ओठ लांब करून ती डोळे अर्धे मिटते. हे बक्षीस खाण्यापेक्षा शांत पडतं.

१५ नोव्हेंबर

पुन्हा दुर्बीण झाली. व्रण जवळपास भरलेत. औषध एकदम बंद न करता कमी करत आणायचं, गवताची जाळी कायम ठेवायची. कुशीकडे वळून बघणं थांबलंय.

२० नोव्हेंबर

ताडपत्री. आवारात वाऱ्याने फडफडणारं काहीही दिसलं की कस्तुरी बुजते.

जमिनीवर पसरून तिला त्यावर चालायला लावायचं, असं बरेच जण करतात. मी उलट केलं. काकांना ताडपत्री ओढत आमच्यापासून लांब चालायला सांगितलं आणि आम्ही दोघी मागून. लांब जाणाऱ्या वस्तूच्या मागे जायला घोडा कमी घाबरतो. बघता बघता ती नाक पुढे करून हुंगायला लागली. मग काका थांबले, ताडपत्री थांबली, तिने पाय टेकवला आणि उचलला. तेवढ्यावर आजचं काम संपवलं.

दुसऱ्या दिवशी उजवीकडून नेली तर जणू पहिल्यांदाच बघतेय. एका डोळ्याने बघितलेलं दुसऱ्या डोळ्याला कळत नाही असं तबेल्यांत सांगतात, ते खरं नाही. दोन्ही डोळ्यांची माहिती मेंदूत एकत्र येते. पण तीच वस्तू वेगळ्या कोनातून बघितली की घोड्याला ती ओळखता येतेच असं नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी, येताना आणि जाताना, वेगवेगळी करून घ्यायची.

किती पुढे जायचं हे ठरवायला मी तिच्या तोंडाकडे बघते. ती गवत चघळत असेल किंवा हुंगत असेल तर ठीक. चघळणं थांबलं, ओठ आवळले, डोळ्यावरची त्रिकोणी सुरकुती दिसायला लागली की पुढे जायचं नाही, दोन पावलं मागे यायचं. त्याच्या पुढे ढकललं तर घोडा एक तर उधळतो, नाहीतर दगडासारखा गप्प उभा राहतो. तो गप्पपणा लोकांना 'शिकला' असं वाटतो. मला त्याची जास्त भीती वाटते.

२८ नोव्हेंबर

तंग. ज्यासाठी हे सगळं सुरू झालं ते.

आता दुखत नाही, पण अंगाला आठवतंय. तंगाची जागा म्हणजे पुढच्या पायांच्या मागे, छातीखाली. तिथे नुसता हात गेला तरी कान मागे जातात. म्हणून हात, मग टॉवेल, मग रुंद मऊ पट्टा, मग तंग, या क्रमाने जायचं ठरवलं.

इथे खाऊ वापरला. काकांना ते पटलं नाही. "ताई, हातानं खायला दिलं की घोडं चावायला शिकतं." त्यांचं म्हणणं खोटं नाही, हुंगत खिशात तोंड घालणारे घोडे मीही बघितलेत. म्हणून एक नियम केला. ती तोंड सरळ समोर ठेवून उभी असेल तेव्हाच घास मिळेल, माझ्याकडे वळवलेल्या तोंडाला कधीच नाही. आणि घास तिच्या छातीच्या रेषेत, हात लांब करून द्यायचा, म्हणजे ती पुढेच बघत राहते.

क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी स्पर्श, मग घास. आधी घास दाखवून, ती खाण्यात गुंतलेली असताना गुपचूप तंग आवळला, तर घास दिसला की काहीतरी होणार हे ती शिकते आणि खाणंही बिघडतं. आधी टॉवेल छातीखाली लागतो, मग गवताची मूठ येते. थोड्या दिवसांत टॉवेल लागला की कान पुढे यायला लागले. घास कुठून येतोय ते शोधत होती.

६ डिसेंबर

मी बाहेर असताना मदतीला आलेल्या एका मुलाने तिला पट्टा बांधला. चांगल्या मनाने, मला मदत म्हणून. पण एका दमात शेवटच्या भोकापर्यंत. तिने त्याच्या बाहीला दात लावले. सुदैवाने जाड कोट होता.

आज टॉवेलसुद्धा नको म्हणतेय. परत नुसत्या हातापासून. तिच्या दारावर पाटी लावली: कस्तुरीला मी आणि काका सोडून कोणीही हात लावायचा नाही. हे पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं. अशा घोड्याच्या कामात हात बदलले की खुणा बदलतात आणि घोड्याला नवा अंदाज बांधावा लागतो.

१८ डिसेंबर

पट्टा आता नीट. आवळायचा तो भोकाभोकाने, मधे तिला दोन पावलं चालवून, श्वास सोडू देऊन.

खोगीर नवीन घेतलं. पूर्ण कामात सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि तो टाळता येण्यासारखा नव्हता. जुनं खोगीर खाली घड्या घालून बसतं करायचा सल्ला मिळाला होता, पण अरुंद खोगिराखाली आणखी जाड कापड घातलं तर दाब वाढतोच. मापं घेणाऱ्याला मी सांगितलं की ती काही महिने काम करत नाहीये, पाठीचे स्नायू उतरलेत, काम सुरू झालं की भरतील. म्हणून ज्याची पुढची रुंदी बदलता येते असं निवडलं. दर तीन महिन्यांनी पुन्हा बघायचं.

२७ डिसेंबर

एकटीने बाहेर. दोरीवर, मी पायी.

आधी ती जिथे अडायची त्या जागेपर्यंत नेऊन तिच्याशी हुज्जत घालायची असं व्हायचं. आता त्या जागेच्या बरंच अलीकडे, ती अजून निवांत असताना, मीच वळते. परत येतो, पुन्हा जातो, थोडं पुढे. लांबच्या टोकाला हिरवं गवत आहे, तिथे पोचलं की चरायला सोडते. माघारी फिरणं माझ्या हातात राहिल्यामुळे तिला ते भांडून मिळवावं लागत नाही.

आज वाटेत मागून सोबत्याने खिंकाळून बोलावलं. तिचं डोकं आभाळात गेलं, नाकपुड्या फाकल्या, पुढचे पाय हलके झाले. अशा वेळी दोरीला लोंबकळायचं नसतं. तोंड खाली ओढलं तर घोडा वरच जातो, आणि तोल गेला तर मागे पडतो. मी तिच्या खांद्याच्या बाजूला सरकले, समोर थांबले नाही, दोरी थोडी दिली आणि कुशीकडे बघितलं. मागचा पाय ओलांडला. एकदा, दोनदा. मग ती थांबली, दीर्घ श्वास सोडला, शेण टाकलं आणि गवताकडे मान घातली. ९ नोव्हेंबरच्या कंटाळवाण्या सरावाची किंमत आज कळली.

१० जानेवारी

चढण्याचा ओटा. आधी नुसतं त्याच्या शेजारी उभं राहायचं. मग मी वर चढून तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. मग रिकिबीत पाय ठेवून काढायचा. मग वजन टाकून, पोटावर आडवी होऊन, उतरायचं. प्रत्येक पायरीला ती हलली तर आधीच्या पायरीवर परत.

मधेच एक गोष्ट आपोआप घडली. मी ओट्यावर उभी राहून काकांशी बोलत होते, आणि ती आपणहून वळून, खोगीर माझ्या गुडघ्याशी येईल अशी बाजूला येऊन उभी राहिली. आता मी तिला ओट्याशी नेतच नाही. मी वर चढते आणि थांबते. ती आली तर बसते. न येणं हे तिचं उत्तर आहे आणि ते ऐकायचं असं ठरवलंय. नाही आली त्या दिवशी आधी पाठ आणि पोट तपासते.

आज पूर्ण बसले. बिट नाही, मोहरकीलाच लगाम. काकांनी दोरी धरली. आवाराला एक चक्कर, सावकाश चालीत, मग उतरले. तोंड पूर्ण बरं झालं असलं तरी बिट घालायची मला घाई नाही.

२२ जानेवारी

सध्याची स्थिती. चालीत आणि थोड्या दुडकीत (चालीपेक्षा जरा वेगाने), आवाराच्या आत, काका शेजारी असताना व्यवस्थित. तंग भोकाभोकाने, कुरबुर नाही. बाहेर अजून पायीच नेते, स्वार होऊन एकदाही गेलेले नाही. उजवीकडे वळताना अंग ताठ ठेवते. खोगीर नसतानाही ताठच असते, म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना मान आणि पाठ पुन्हा बघायला सांगणार आहे. त्याआधी उजवीकडचा सराव वाढवायचा नाही.

वाहनात चढणं बाकी आहे. त्याची सुरुवात रॅम्पने न करता जमिनीवर ठेवलेल्या लाकडी फळीने करेन, कारण पायाखाली पोकळ आवाज आला की ती उडते. काका फळी आणून देतो म्हणालेत. नाल बदलायची वेळ आलीय, नालबंद सोमवारी येणार. तो मागचे पाय उचलताना दोरी माझ्याच हातात असेल.